विचारलं तर काय बिघडतं?

आण्णांच्या बायपासला तीन आठवडे झाले. ते आता सोनईत, ओट्यावर बसून पेपर वाचताहेत. फोन करणाऱ्या सगळ्यांसाठी इथेच लिहितो.

आमच्याकडे डॉक्टर म्हणजे देव, आणि देवाला प्रश्न विचारत नाहीत! मला हे अजिबात पटत नाही. नगरच्या दवाखान्यात मी उशाशी एक वही ठेवली होती. तिसऱ्या दिवशी आण्णा टाके तुटतील म्हणून खोकायलाच घाबरत होते. श्वास ओढून गोळे वर न्यायचं ते यंत्र तसंच पडून. डॉक्टरांनी "दुखतंय का?" विचारलं की म्हणायचे, "नाही." (पाटलाची जात!) मग राउंडला मीच वही वाचली. वेदनाशामक वाढवलं, उशी छातीशी धरून खोकायला शिकवलं. संध्याकाळी पहिला गोळा वर गेला. घरची शुगरची गोळी का बंद, हेही विचारलं. सध्या इन्सुलिन चालू आहे म्हणून. डॉक्टर रागावले नाहीत, उलट खुर्ची ओढून बसले.

महाराष्ट्रात २०२१ च्या नियमांनुसार खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. आजाराची, उपचाराची माहिती मागणं हा त्यातला हक्कच. महात्मा फुले योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्रही असतो, त्याला गाठा.

वही आता धाकट्या काकांनी मागून नेलीय. काकूंचं पुढच्या सोमवारी आहे.