ऊस दीड वर्षाचा, हुकूम एका रात्रीचा



आडसाली लागण जुलै-ऑगस्टात होते आणि तो ऊस गव्हाणीत पडतो सोळा-अठरा महिन्यांनी. म्हणजे आपण आज जी कांडी पुरतो, ती दीड वर्षानंतरच्या सरकारी धोरणावर भरवसा ठेवून.

आता 2023 सालचा अनुभव पाहा. 7 डिसेंबरला, ऐन गळितात, उसाच्या रसापासून इथेनॉल करू नका असा केंद्राचा आदेश आला. त्याच तारखेच्या दुसऱ्या अधिसूचनेने 8 डिसेंबरपासून कांद्याची निर्यात बंद. आपल्या नाशिक जिल्ह्यात बांधाच्या अलीकडे ऊस आणि पलीकडे कांदा, त्यामुळे एकाच घराला दोन्हीकडून फटका! इथेनॉलचा हुकूम आठ दिवसांत सैल केला, 17 लाख टन साखर वळवायला मुभा दिली, आणि ऑगस्ट 2024 मध्ये बंधन उठवले. पण तोवर हंगाम सरला होता आणि कर्ज काढून उभारलेल्या डिस्टिलऱ्यांचे हप्ते काही थांबले नव्हते.

त्या वर्षी पाऊस कमी झाला होता. साखर महागेल ही दिल्लीची भीती अगदीच खोटी नव्हती, आणि शहरातल्या गिऱ्हाइकाचाही विचार झालाच पाहिजे. आपली तक्रार बंदीपेक्षा बेहिशेबाची आहे.

साखरेचा किमान विक्रीदर फेब्रुवारी 2019 मध्ये किलोला 31 रुपये झाला. तेव्हा 10 टक्के उताऱ्याला एफआरपी टनाला 2750 रुपये होती. एका टनाची 100 किलो साखर, तिचे 3100 रुपये. उसाचे पैसे वजा जाता प्रक्रियेला साडेतीनशे तरी उरत. 2024-25 ला एफआरपी 3400 झाली, तीही 10.25 टक्के उताऱ्याला. (उताऱ्याचा पाया मधल्या मधे वर सरकला, हे किती जणांच्या ध्यानात आले?) किमान दर मात्र 31 रुपयांवरच. साडेएकशेदोन किलोचे झाले 3177 रुपये! मग गाळायचे कशात? एफआरपी आपल्या घामाची आहे, ती वाढलीच पाहिजे. बाजारभाव वर होता म्हणून निभावले. तो पडला असता तर धरायला काठी नव्हती.

निर्यातीचेही तेच. 2021-22 ला देशाने सुमारे 110 लाख टन साखर बाहेर पाठवली, पुढच्या वर्षी साठेक लाख, 2023-24 ला परवानगीच नाही, आणि जानेवारी 2025 मध्ये एकदम 10 लाख टनांची सूट. परदेशी व्यापारी असा किती दिवस थांबेल? तिकडे ब्राझीलचे कारखाने भाव बघून साखर करायची की इथेनॉल, ते स्वतः ठरवतात. आपल्याकडे कारखान्याने महिन्याला किती साखर विकायची तेही 2018 पासून पुन्हा दिल्लीच ठरवते. दोऱ्या हातात घेतल्या तर हिशेबही त्याच हाताने ठेवावा लागतो.

तेव्हा वार्षिक सभेत ठराव करून केंद्राकडे एवढेच मागावे : एफआरपी जाहीर होईल त्याच दिवशी साखरेचा किमान दर आणि इथेनॉलचा भाव तपासून जाहीर करा, आणि निर्यातीचा कोटा बॉयलर पेटण्याआधी सांगा.