संख्याशास्त्राचे धडे आणि आमची पिके

संख्याशास्त्र शिकण्यास पूर्वी कॉलेजाची पायरी चढावी लागे. आता ऑकलंड येथील इहाका व जेंटलमन यांनी रचलेली ‘आर’ ही संगणकाची भाषा विनामूल्य मिळते; २०१७ साली सरकारने उघडलेल्या ‘स्वयम्’वर व्याख्यानेही घरबसल्या फुकट ऐकता येतात. परंतु या धड्यांतील उदाहरणे पाहून आम्हांस हसू येते. फिशरसाहेबांनी १९३६ साली प्रसिद्ध केलेली आयरिसच्या १५० फुलांची मापे जिकडे तिकडे! फूल सुंदर असेल. पण शेतकऱ्याच्या मुलाने त्याच्या पाकळ्या मोजून काय करावे?

पीकविम्याची भरपाई महसूल मंडळातील पीककापणी प्रयोगांच्या सरासरीवर अवलंबून असते. चार प्लॉटांत एक उत्तम निचऱ्याचा निघाला, की सरासरी फुगते आणि खोलगट रानातला बुडालेला इसम तीत दिसेनासा होतो. दप्तरात आयुष्य घालविलेल्या आम्हांस हे नवे नाही. असे प्लॉट चिठ्ठी टाकल्याप्रमाणे, कोणाच्या मर्जीविना कसे निवडावे, याचा पाया घालणाऱ्यांत सातारा जिल्ह्यातील बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे अग्रगण्य होते. तेव्हा हाच विषय घेऊन संघाने मराठीत धडे तयार करवावेत. आकडे सभासदांनी आपल्या शेतांचे द्यावेत, आणि पहिली तुकडी येत्या खरिपापूर्वी बसवावी.