हेल्मेट आरशाला, डोकं रस्त्याला

"गावातल्या गावात कशाला हवंय हेल्मेट?" पुण्यात हे वाक्य कानावर आलं की माझं डोकं फिरतं. बोलणारी माणसं शिकलेली असतात, भौतिकशास्त्रात भरघोस मार्क मिळवलेली असतात. गाडीवर बसलेल्या माणसाचं डोकं रस्त्यापासून साधारण दीड मीटरवर असतं. तेवढ्या उंचीवरून ते नुसतं खाली आलं तरी डांबरावर आदळताना त्याचा वेग ताशी वीसेक किलोमीटर होतो. गाडी सिग्नलला उभी असली तरीही. नारायण पेठेतलं डांबर हायवेपेक्षा मऊ नाही.

1935 साली 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून ओळखला जाणारा टी. ई. लॉरेन्स मोटरसायकलवरून पडून डोक्याच्या दुखापतीने गेला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हा न्यूरोसर्जन होता. केर्न्सने पुढे मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या दुखापतींचा अभ्यास करून 1941 मध्ये हेल्मेटच्या बाजूने लिहिलं. तेव्हा जे कळलं होतं, त्याच्या विरोधात आमच्या शहरात 2019 साली मोर्चे निघाले. मला त्याची लाज वाटते. केंद्र सरकारच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात हेल्मेट न घातलेले 50,029 जण दुचाकीच्या अपघातांत मेले. त्यातले 14,337 मागे बसलेले होते. केस गळतात, मान दुखते ही कारणं या आकड्यासमोर मांडायची हिंमत कुणाला होते तरी कशी?

मागे एकदा खंबाटकी घाट उतरताना वळणावर सांडलेल्या खडीवरून माझं पुढचं चाक सटकलं. पडणारा माणूस हात पुढे टाकतो, ते ठरवून होत नाही. माझेही तळवे आधी टेकले. ग्लोव्ह्जचं चामडं घासून पांढरं पडलं, जॅकेटच्या कोपरावरचं कापड फाटून आतलं पॅड बाहेर आलं, आणि हेल्मेटच्या हनुवटीवर आडवा, खोल चरा उमटला. अर्धं हेल्मेट असतं तर तिथे माझा जबडा होता. मी लंगडत घरी गेलो.

नंतर दवाखान्यात तपासणीला गेलो, तिथे शेजारच्या खाटेवर टी-शर्ट आणि चपलेत पडलेला एक पोरगा होता. घराजवळच घसरला होता. नर्स त्याच्या दंडाच्या मांसात रुतलेली खडी ब्रशने घासून काढत होती आणि तो आईचा हात चावत होता. रायडिंग जॅकेटला "हिरोगिरी" म्हणणाऱ्यांनी ते ड्रेसिंग एकदा उभं राहून बघावं.

पोलिसांसाठी म्हणून फूटपाथवरून दोनशे-तीनशेची हेल्मेट नावाची टोपली घेणाऱ्यांवर तर माझा जास्त राग आहे. हेल्मेटमधला थर्माकोलचा जाड थर धडकेत चेपतो, म्हणून मेंदूला बसणारा झटका कमी होतो. टोपलीत प्लास्टिक आणि स्पंज, बाकी काही नाही. आयएसआय नसलेली हेल्मेट विकणं 1 जून 2021 पासून बेकायदा आहे, तरी ती राजरोस विकली जातात. विकणारा गुन्हेगार, डोळेझाक करणारी यंत्रणा गुन्हेगार. आणि दीड लाखाची गाडी घेऊन दोन हजारांच्या हेल्मेटवर घासाघीस करणारा स्वतःच्या पोरांचा गुन्हेगार. चांगलं हेल्मेट घेऊन पट्टा सुटा ठेवणारा त्याच रांगेतला. पहिल्या धडकेतच ते डोक्यावरून उडून जातं.

"माझं डोकं, माझी मर्जी" हेही ऐकून झालं. डोकं फुटल्यावर आयसीयूचं बिल बायको भरते, अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं हगणं-मुतणं म्हातारी आई काढते. त्यांची मर्जी कुणी विचारली होती?

कायद्याने मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं, चार वर्षांवरच्या लेकरालाही. तेव्हा आरशाला लटकवलेलं काढा, डोक्यावर चढवा, पट्टा लावा, आणि मागच्या माणसासाठी दुसरं घ्या. दुसरं नसेल तर गाडी काढू नका, बसने जा.