'सकाळी पाहू' आणि आजारी जनावर

आमच्या या मासिकात बियाणे, खते व पीककर्ज यांविषयी पुष्कळ लिहिले जाते, व ते योग्यच आहे. परंतु एका रात्रीत शेतकऱ्याचे हजारोंचे नुकसान करणारा एक प्रश्न सहसा कोणी मांडीत नाही. जनावर आजारी पडले असता पशुवैद्यास तत्काळ बोलवावे, की सकाळपर्यंत थांबावे, हा तो प्रश्न होय. त्याचे चुकीचे उत्तर आम्ही स्वतः एकदा दिले आहे. म्हणूनच लिहिण्याचे धाडस करीत आहो.

चार वर्षांपूर्वी वळसंग येथे आमच्या घरची पंढरपुरी म्हैस चौथ्या वेतास व्याली. दुसऱ्या दिवशी सायंकाळी ती बसली ती उठेना. कान गार लागत होते व मान कुशीकडे वळलेली होती. बाळंतपणाचा थकवा असेल, असे आम्ही ठरविले. वडीलधाऱ्यांच्या सल्ल्याने गूळ, सुंठ व ओवा यांचा काढा केला आणि तोंड वर धरून नळ्याने पाजला. ती ठसकली, तरी आम्ही पाजतच राहिलो. 'सकाळी पाहू' असे म्हणून निजलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पशुवैद्य आले. त्यांनी दुग्धज्वराचे निदान केले. या रोगाच्या नावात ज्वर असला तरी अंगात तो नसतो. व्यालेल्या जनावराच्या रक्तातील कॅल्शियम एकाएकी उतरते व अंग गार पडते. त्यांनी शिरेतून कॅल्शियम सावकाश सोडले आणि तासाभरात म्हैस आपल्या पायांवर उभी राहिली! परंतु रात्रीचा काढा फुप्फुसांत उतरला होता. पाचव्या दिवशी म्हैस गेली. रोग बरा झाला होता. आमच्या औषधाने तिला नेले. ज्या जनावरास उठता येत नाही वा नीट गिळता येत नाही, त्यास तोंडाने काहीही पाजू नये, हे आम्हांस त्या किमतीस कळले.

याहून अधिक लाज आम्हांस दुसऱ्याच गोष्टीची वाटली. "ही किती वाजता बसली? शेवटचा रवंथ केव्हा केला?" असे पशुवैद्यांनी विचारले, तेव्हा आम्हांस उत्तर देता येईना. आमची सारी नोकरी महसूल कचेरीत गेली. आलेल्या प्रत्येक कागदाची आवक बारनिशीत तारीखवार नोंद करण्यात आम्ही कधी कसूर केली नाही. मात्र गोठ्यातील आजाराची वेळ आम्ही कोठेच टिपली नव्हती. आणि रोग घाईचा आहे की नाही, हे बहुधा वेळेवरूनच कळते. जे लक्षण तासातासाने वाढत जाते, ते सकाळपर्यंत थांबत नाही.

पोटफुगी हे त्याचे उघड उदाहरण होय. कोवळा लसूणघास भरपेट खाल्लेल्या गाईची डावी कूस फुगते, ती पाय आपटते, आणि पोटाच्या दाबाने श्वास कोंडून एकदोन तासांतही दगावू शकते. पशुवैद्य येईपर्यंत तिचे पुढचे पाय उंचवट्यावर राहतील अशी तिला उभी करावी व तोंडात आडवी काठी बांधावी. कूस भोसकण्याचा उद्योग मात्र जाणत्याच्याच हाती शोभतो.

आमच्या सोलापूर भागात याहूनही घाईचा प्रसंग शाळूचा. हस्ताच्या ओलीवर पेरलेला शाळू गुडघ्याइतका झाला, पावसाने ओढ दिली व पीक कोमेजले, म्हणजे तेच ताट विषारी होते. कापलेल्या ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यांचेही तसेच. त्यांतून पोटात हायड्रोसायनिक आम्ल तयार होते. जनावर धापा टाकते, झोकांड्या खाते, तोंडास फेस येतो, आणि कित्येकदा घटकाभरात खेळ आटोपतो. सोडियम नायट्राइट व सोडियम थायोसल्फेट ही यावरील औषधे शिरेतून द्यावी लागतात. ताक वा काढा यांचा येथे उपयोग नाही. फुलोऱ्यापूर्वी ज्वारीत जनावर सोडू नये, हे सर्वांस ठाऊक असते. पण दावे तोडलेल्या बैलास ते ठाऊक नसते.

घटसर्पात ताप १०५ अंशांवर चढतो, गळा सुजतो व श्वासास घरघर लागते; म्हैस एका दिवसात हातची जाते. पावसाळ्यापूर्वी लस टोचून घेतली असता हा प्रसंग बहुधा टळतो. बैल वारंवार कुंथतो पण मूत्र उतरत नाही, तेव्हा मुतखडा अडकल्याचा संशय धरून त्याच दिवशी इलाज करावा, नाहीतर मूत्राशय फुटते. पाणमोट फुटून तास-दीड तास लोटला व वासरू पुढे सरकत नाही, तर चार जणांनी मिळून ओढू नये, फोन करावा.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. २०२२ साली लंपीची साथ आली तेव्हा अंगावर गाठी पाहताच अनेकांनी मध्यरात्री पशुवैद्यांस उठविले. असे जनावर तत्क्षणी वेगळे बांधणे अवश्य आहे; परंतु ते खात-पीत असेल तर तपासणी सकाळी झाली तरी चालते. वार बारा तास पडली नाही तर पशुवैद्यास कळवावे. ती ओढू नये, व तेवढ्यासाठी रात्रीची धावपळही नको. नको तेथे हाका मारल्याने हव्या त्या हाकेस उशीर होतो, हे आपल्या लोकांनी ध्यानी घ्यावे.

वस्तीवरील कुत्र्याविषयी एक वेगळीच सूचना करावीशी वाटते. कुत्र्याचा जबडा लोंबतो, लाळ गळते, आवाज बदलतो, आणि घरचा माणूस घशात हाड अडकले असे समजून तोंडात हात घालतो. हा पिसाळण्याचाही प्रकार असू शकतो. गाय-बैलांतही घसा अडकल्यासारखीच लक्षणे दिसतात. अशा तोंडात हात कदापि घालू नये. लाळ जखमेस लागलीच तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी व त्याच दिवशी माणसाच्या दवाखान्यात लस घ्यावी. येथे जनावरापूर्वी माणसाचा विचार करावयाचा असतो.

आपल्यातील जुनी माणसे म्हणतात, "जनावराच्या नशिबी असेल ते होईल." हा विचार त्यांस बुळकांडीच्या दिवसांनी शिकविला असावा; तेव्हा दावणीच्या दावणी रिकाम्या होत. परंतु जनावरांच्या रोगांचे संशोधन करणारी प्रयोगशाळा १८८९ सालीच पुण्यात स्थापन झाली होती, आणि २०११ साली ती बुळकांडी जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. दुग्धज्वर व पोटफुगी तर त्याहून कितीतरी सोपी दुखणी होत.

पशुवैद्यास फोन करताना अथवा १९६२ या क्रमांकावर कळविताना "जनावर लई आजारी आहे" एवढेच सांगून भागत नाही. वैरण केव्हा सोडली, रवंथ आहे की नाही, ताप किती, शेण-मूत्र केव्हा झाले, व्याली असल्यास कोणत्या दिवशी, हे सांगितले म्हणजे कोणते औषध बरोबर घ्यावे हे पशुवैद्यास निघतानाच समजते. गाईचा ताप गुदद्वारात तापमापक धरून पाहावा. १०१ ते १०२ अंश हा तिचा नेहमीचा होय. तो माणसाच्या मानाने अधिक दिसतो म्हणून घाबरू नये.

आमच्या गोठ्याच्या भिंतीवर आता एक काळी पाटी व खडू टांगला आहे. धार काढणाऱ्याने रवंथ, वैरण व शेण यांची नोंद वेळेसह करावयाची असते. घरातील मंडळी तीस 'बारनिशी' म्हणून हसतात, हसोत. संस्थेच्या येत्या वार्षिक सभेत प्रत्येक गावच्या शाखेस एक तापमापक व अशी एक पाटी देण्याचा ठराव आम्ही मांडणार आहो. खर्च फार नाही. सभासदांनी त्यास अनुमोदन द्यावे, अशी विनंती आहे.