विज्ञानाच्या वाटेवर : घडी उमगली, गाठ उरली

आमच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. बडोद्याच्या पूर्वेस, आदिवासी वस्तीच्या एका तालुक्यात त्या शिक्षिका आहेत. त्यांच्या शाळेतील सातवीची एक मुलगी वारंवार गैरहजर राहू लागली. हातापायांचे सांधे दुखतात, ताप येतो, डोळे पिवळे दिसतात. रक्त तपासले तेव्हा सिकलसेलचा आजार निघाला. त्याच सुमारास बाईंनी कोठेतरी वाचले की, संगणकाने आता शरीरातील झाडून साऱ्या प्रथिनांचे आकार शोधून काढले असून त्या कामास नोबेल पारितोषिकही मिळाले आहे. त्या विचारतात, "मग या मुलीच्या आईला मी काय सांगू? औषध केव्हा येईल?"

प्रश्न साधा आहे आणि म्हणूनच त्यास टाळाटाळीचे उत्तर देणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. या महिन्याचे हे पान त्याच प्रश्नासाठी खर्च करावे, असे आम्ही ठरविले आहे.

प्रथिन म्हटले की आपल्या घरांत डाळ, दूध आणि अंडी एवढेच आठवते. वस्तुतः शरीरातील बहुतेक सारी कामे करणारे कारागीर म्हणजे प्रथिने होत. अन्न पचविणारी, प्राणवायू वाहून नेणारी, रोगजंतूंशी झुंजणारी, स्नायू आखडणारी अशी त्यांची नाना कुळे आहेत. रचना मात्र सर्वांची एकाच धर्तीची असते: वीस प्रकारच्या अमिनो आम्लांचे मणी एकामागून एक ओवून केलेली माळ. परंतु नुसत्या माळेने काम होत नाही. नऊवारी लुगडे दोरीवर वाळत घातलेले असते तेव्हा ते केवळ एक लांबलचक कापड असते. निऱ्या घेऊन, काष्टा मारून, पदर खोचून ते नेसले म्हणजेच त्याला रूप येते आणि ते नेसणारीला शेतातही वावरता येते. प्रथिनाचेही असेच आहे. माळ विशिष्ट तऱ्हेने दुमडली जाऊन तिची घडी बसली, तरच ती कामाची. फरक इतकाच की लुगडे नेसविणारे हात असतात, आणि प्रथिनाची माळ आपली आपण नेसते.

ही आपली आपण बसणारी घडी माळेतील मण्यांच्या क्रमातच लिहिलेली असते, हे अमेरिकेतील ख्रिश्चन अॅन्फिन्सेन यांनी दाखवून दिले. १२४ मण्यांच्या एका प्रथिनाची घडी त्यांनी रसायने घालून पार उसवली; ती रसायने काढून घेताच माळ पुन्हा पूर्ववत दुमडली आणि काम करू लागली. या संशोधनास १९७२ साली नोबेल पारितोषिक लाभले. क्रम ठाऊक असेल तर आकार गणिताने काढता आला पाहिजे, असा याचा सरळ अर्थ होता. पण तो 'पाहिजे' पुढे जवळजवळ अर्धे शतक शास्त्रज्ञांना छळत राहिला. सायरस लेव्हिन्थाल यांनी १९६९ मध्येच हिशेब मांडून दाखविला होता की, एखाद्या सामान्य प्रथिनाच्या साऱ्या शक्य घड्या एकेक करून तपासू गेल्यास विश्वाचे वय पुरणार नाही. आणि निसर्ग तर ती घडी डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घालून मोकळा होतो!

या वाटेवरील एक मोठा दगड आपल्याच देशात बसविला गेला, हे आमच्या तरुण वाचकांनी ध्यानात ठेवावे. मद्रास विद्यापीठातील गो. ना. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी यांनी १९६३ साली असे दाखविले की, माळेतील दोन मण्यांमधला सांधा हवा तसा फिरू शकत नाही. आपला कोपर जसा उलट्या बाजूस वळत नाही, तसेच अणू एकमेकांवर आदळत असल्याने या सांध्यांनाही काही कोन वर्ज्य असतात. चालणारे कोन कोणते आणि न चालणारे कोणते, याचा त्यांनी काढलेला आलेख 'रामचंद्रन आलेख' म्हणून जगभर ओळखला जातो. नव्याने उलगडलेली प्रथिनाची रचना बरोबर आहे की नाही, हे पाहताना आजही तो पुढ्यात घेतात.

गणिताने जमत नव्हते तोवर प्रयोगाचा मार्ग होता, पण तो अतिशय कष्टाचा. प्रथिनाचे स्फटिक बनवावयाचे, त्यांवर क्ष-किरण सोडावयाचे आणि ते कसे विखुरतात यावरून आतील अणूंची मांडणी ताडावयाची. केंब्रिजमध्ये मॅक्स पेरुट्झ यांनी १९३७ साली हिमोग्लोबिनचे काम हाती घेतले; त्याचे ढोबळ रूप हाती येण्यास १९५९ साल उजाडले. एका प्रथिनापायी बावीस वर्षे! त्यांना व जॉन केन्ड्रू यांना १९६२ चे नोबेल मिळाले. बडोदेकरांना तर या विद्येचे एक उदाहरण घरचेच आहे. तिसऱ्या वर्षी या गावात आलेले, येथेच शाळा शिकलेले आणि १९७१ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठातून भौतिकशास्त्राचे पदवीधर झालेले व्यंकटरामन रामकृष्णन यांना, पेशीतील प्रथिने ओवणाऱ्या रायबोसोम नामक यंत्राची रचना उलगडल्याबद्दल २००९ साली थॉमस स्टाइट्झ व अदा योनाथ यांच्यासमवेत नोबेल मिळाले. भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळविल्यानंतर हा गृहस्थ जीवशास्त्राच्या वर्गात पुन्हा विद्यार्थी म्हणून जाऊन बसला, ही गोष्ट आम्हांस पारितोषिकाइतकीच मोलाची वाटते.

अशा रीतीने एकेक करून उलगडलेल्या रचना १९७१ साली एका सार्वजनिक संग्रहात ठेवण्यास आरंभ झाला. त्या वेळी त्यात अवघ्या सात रचना होत्या. २०२० च्या सुमारास ती संख्या सुमारे १ लाख ७० हजारांवर गेली. दरम्यान १९९४ पासून दर दोन वर्षांनी एक परीक्षा घेतली जाऊ लागली. प्रयोगाने उलगडलेली, पण अद्याप प्रसिद्ध न झालेली रचना परीक्षक झाकून ठेवीत. स्पर्धकांना केवळ मण्यांचा क्रम मिळे आणि आकार त्यांनी सांगावयाचा. वर्षानुवर्षे उत्तरे यथातथाच येत. २०२० साली मात्र लंडनच्या डीपमाइंड या संस्थेच्या 'अल्फाफोल्ड' या संगणकप्रणालीने १०० पैकी ९२.४ इतका मध्यक गुणांक मिळविला, म्हणजे प्रयोगशाळेतील उत्तराच्या अगदी शेजारी जाऊन बसली. जर्मनीतील एका प्रयोगशाळेत सुमारे दहा वर्षे अडून राहिलेले एका प्रथिनाचे कोडे या उत्तराच्या आधारे सुटले.

संगणकाने हे साधले कसे? अनेकांच्या मनात येते तसा हा केवळ अफाट वेगाचा चमत्कार नव्हे. आमच्या वाचकांस पोथ्यांचे उदाहरण देतो. समजा, ओवीची भाषा आपणांस मुळीच येत नाही, पण एकाच ग्रंथाच्या शंभर हस्तलिखित पोथ्या आपल्यासमोर आहेत. नकला करताना शब्द बदलत गेले. पण असे दिसते की, पहिल्या चरणातील अमुक शब्द जेथे बदलला, तेथे तिसऱ्या चरणातील तमुक शब्दही हटकून बदलला आहे. यावरून अर्थ न कळताही आपण ताडू की, हे दोन शब्द लांब असले तरी एकमेकांशी यमकाने बांधलेले आहेत. निसर्गाच्या पोथ्याही अशाच आहेत. एकच प्रथिन मनुष्यात, बैलात, माशात, यीस्टमध्ये थोड्याफार पाठभेदाने सापडते. माळेतील दोन दूरचे मणी नेहमी जोडीने बदलत असतील, तर घडी बसल्यावर ते शेजारी येत असले पाहिजेत, हे उघड आहे. हे पाठभेद आणि संग्रहातील लाखावर रचना यांवरून संगणकाने घडीचे संकेत आत्मसात केले. त्याच्या बुद्धीमागे पन्नास वर्षे क्ष-किरणांपुढे बसलेल्या हजारो संशोधकांची मेहनत उभी आहे आणि ती त्यांनी कुलूपबंद न ठेवता सर्वांसाठी मांडली होती, हे विसरून चालणार नाही.

त्या औदार्याची परतफेडही झाली. २०२१ च्या जुलैत या प्रणालीचा तपशील व मनुष्याच्या बहुतेक सर्व प्रथिनांचे अंदाजित आकार खुले करण्यात आले, आणि २०२२ मध्ये निरनिराळ्या जीवजातींच्या २० कोटींहून अधिक प्रथिनांचे. इंदूर वा बेळगाव येथील महाविद्यालयातला विद्यार्थीही ते विनामूल्य पाहू शकतो. २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल या कार्यासाठी डेमिस हसाबिस व जॉन जम्पर यांना अर्धे, आणि निसर्गात नसलेली नवी प्रथिने रचणाऱ्या डेव्हिड बेकर यांना अर्धे, असे देण्यात आले. बेकर यांच्या विद्यापीठात रचलेल्या प्रथिनकणांवर आधारित कोविडच्या एका लशीस २०२२ मध्ये दक्षिण कोरियाने मान्यताही दिली.

येथवर आनंदाची वार्ता झाली. आता त्या मुलीकडे वळू.

हिमोग्लोबिन चार माळांचे असते. त्यांपैकी बीटा नावाच्या माळेत १४६ मणी असतात. सिकलसेलच्या आजारात त्यांतील सहावा मणी तेवढा बदललेला असतो: ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. हा रोग रेणूतच आहे, हे लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ साली सांगितले होते. नेमका मणी व्हर्नन इन्ग्रॅम यांनी १९५० नंतरच्या दशकात दाखविला. आश्चर्य हे की, या एका मण्याने हिमोग्लोबिनची घडी जवळजवळ मुळीच बिघडत नाही. बिघाड होतो तो पुढे. प्राणवायू सुटला की एका रेणूवरील तो व्हॅलिनचा मणी शेजारच्या रेणूवरील खोबणीत अडकतो, तो रेणू पुढच्यात, असे करीत लांब ताठर दोर तयार होतात. गोल, लवचीक रक्तपेशी विळ्यासारखी वाकते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. वेदना होतात त्या यामुळे. चार महिने टिकणारी पेशी दहा-वीस दिवसांतच मोडते. म्हणून रक्त कमी आणि डोळे पिवळे.

म्हणजे बाई, या आजाराच्या प्रथिनाचा आकार आपणांस साठ वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. आकार कळणे आणि औषध हाती येणे, यांत केवढे अंतर आहे, ते यावरून दिसेल. हिमोग्लोबिनच्या रचनेवरून घडविलेल्या व्होक्सेलोटर या औषधास अमेरिकेत २०१९ साली मान्यता मिळाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये, रुग्णांना लाभापेक्षा धोका अधिक असल्याचे दिसून आल्याने, ते जगभरातून मागे घ्यावे लागले. घडी उमगली तरी गाठ उरते, ती अशी. संगणक एका स्थिर क्षणाचे चित्र देतो. पेशीच्या गर्दीत प्रथिने कशी हलतात, कोणाला बिलगतात, एक मणी बदलल्याने काय होते, हे तो अजून खात्रीने सांगू शकत नाही. काही प्रथिनांचे भाग तर ठरावीक घडीचे नसतातच, आणि तेथे संगणकही आपली खात्री कमी असल्याचे नमूद करतो. २०२४ च्या मे महिन्यात आलेल्या पुढील आवृत्तीने दोन रेणू कसे जुळतात, हेही सांगण्यास आरंभ केला आहे. परंतु माणसांवरील चाचण्यांची वर्षे त्यामुळे गाळता येत नाहीत.

दुसरी एक वाट मात्र खुली झाली आहे. जनुकांत नेमकी दुरुस्ती करण्याच्या क्रिस्पर तंत्राने, जन्मानंतर मंदावलेले गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागेल असे करणाऱ्या उपचारास नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने व पाठोपाठ डिसेंबरात अमेरिकेने मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवण्यात आली. हा आकडा वाचून कोणाही आईने उसासा टाकावा, हे स्वाभाविक आहे. विज्ञानाचा खरा कस यापुढे लागावयाचा आहे तो येथे: उपचार सापडला की नाही यापेक्षा तो आमच्या डोंगरातल्या पाड्यापर्यंत कोणत्या मोलाने येतो, यात.

तोपर्यंत काय? भगिनी, त्या आईस असे सांगा की, आज हाती असलेले उपाय थोडे नाहीत. हायड्रॉक्सियुरिया हे साधे, जुने औषध तेच गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढविते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते नियमाने घेतल्यास वेदनांचे झटके पुष्कळ कमी होतात. पाणी भरपूर प्यावे, कडाक्याच्या थंडीपासून जपावे, लसी चुकवू नयेत. ताप आला तर घरी वाट न पाहता दवाखाना गाठावा. भावंडाचा मेळ बसल्यास अस्थिमज्जा-रोपणाने आजार बराही होऊ शकतो. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल येथे आरंभलेल्या राष्ट्रीय मोहिमेत रक्ततपासणी करून कार्ड देण्यात येते. घरातील भावंडांचीही तपासणी करवून घ्यावी. आईबाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्यास आजार होण्याचा संभव चारांत एक असतो, म्हणून विवाह ठरविण्यापूर्वी दोन्ही कार्डे पाहावीत.

आणि एक गोष्ट आवर्जून सांगावी. हा कोणाच्या पापाचा वा कुळाचा दोष नव्हे. ज्याला एकाच बाजूने हा मणी मिळाला, त्याला हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते, हे १९५४ सालीच दिसून आले होते. हिवतापाच्या रानात पूर्वजांना ज्याने तारले, त्याचाच दुप्पट वाटा या मुलीच्या पदरी आला आहे. तिच्या आईने मान खाली घालण्याचे कारण नाही.

मुलीला शाळेतून काढू देऊ नका. गैरहजेरीचे दिवस तिच्या नावावर दोष म्हणून लिहू नका, आणि वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवण्याची मुभा तिला द्या. औषध केव्हा येईल, याची तारीख आम्ही देऊ शकत नाही. पण ते येईल त्या दिवशी ही मुलगी धडधाकट आणि शिकलेली असावी, हे मात्र आजपासून आपल्या हाती आहे.