सिलिंडर उचलताना कुणी काही बोलत नाही

भरलेल्या घरगुती गॅस सिलिंडरचं वजन जवळपास तीस किलो असतं. त्यात १४.२ किलो गॅस, बाकीचं लोखंड. दारात ठेवलेली ही टाकी तिरकी करून, फिरवत फिरवत शेगडीपर्यंत नेण्याचं काम आपल्या घरांत बहुतेक वेळा बाईच करते. नळाला पाणी आलं की घागरी आणि बादल्या तीच भरते. धर्माबादच्या मिरची बाजाराचं नाव आपण अभिमानाने घेतो, पण शेतात ती मिरची तोडायला आणि नंतर निवडायला वाकलेल्या पाठी बहुतांशी बायकांच्याच असतात. "एवढं ओझं उचललंस तर दंड मर्दासारखे होतील," असं त्यांना कुणी बजावल्याचं ऐकलंय का कधी?

महिलांच्या वेटलिफ्टिंग स्पर्धेतला रिकामा बार १५ किलोचा असतो. म्हणजे सिलिंडरच्या साधारण निम्मा. पण गल्लीतली एखादी मुलगी तो उचलायला लागली, की सगळ्यांना एकदम तिच्या शरीराची काळजी वाटू लागते. "अगे, पहलवान बनना है क्या?" "खांदे बघ कसे झालेत." "निकाह कौन करेंगा?" "पुढे मुलं व्हायला त्रास होईल." मुलगी जाड असेल तर पहिल्याच दिवशी, "कशाला पैसे घालवतेस, तुझं काही कमी व्हायचं नाही." बारीक असेल तर, "आधीच हाडं दिसतात, आणखी काय वाळवतेस?"

ही वाक्यं एकापुढे एक ठेवून पाहा. जाड, बारीक, उंच, ठेंगणी, प्रत्येकीसाठी काही ना काही तयार आहे. म्हणजे कुठलंही शरीर चालणारच नाही. बाईची ताकद मात्र सगळ्यांना चालते, जोवर ती घरासाठी आणि शेतासाठी खर्च होते. तिने स्वतःसाठी ताकद कमवायची ठरवली, त्यासाठी दिवसातला एक तास आणि महिन्याची फी मागितली, की टोमणे सुरू होतात. आणि मग आपण त्या मुलीलाच सांगतो, "लक्ष देऊ नकोस, मन घट्ट कर." माझा आक्षेप या सल्ल्याला आहे. टोमण्याला तोंड देणं हे त्या एकट्या मुलीचं काम नाही. तो टोमणा जे उभं राहून ऐकतात, त्यांचं ते काम आधी आहे.

हे आजचं नाही. १९५४ साली हमीदा बानो या पहिलवान बाईने जाहीर आव्हान दिलं होतं की, कुस्तीत मला हरवेल त्याच्याशी मी लग्न करीन. मूळची मिर्झापूरची, अलीगढमध्ये तयार झालेली ही बाई. त्याच वर्षी बडोद्यात तिने बाबा पहिलवानाला १ मिनिट ३४ सेकंदांत चीत केलं. त्या काळच्या वर्तमानपत्रांनी तिच्या डावपेचांपेक्षा जास्त जागा कशाला दिली? वजन १०८ किलो, उंची ५ फूट ३ इंच, दूध किती पिते, अंडी किती खाते, झोपते किती तास. एका नामवंत मल्लाने बाईशी लढणार नाही म्हणून माघार घेतली. एका लढतीत तिने पुरुषाला हरवल्यावर जमावाने तिच्यावर दगड फेकले, पोलिसांना यावं लागलं. पुण्यातली तिची एक लढत रद्द झाली, तेव्हा तिने थेट मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार केली. लढत ती बाई आहे म्हणून थांबवलेली नाही, आयोजक तिच्यासमोर खोटे मल्ल उभे करतात अशा तक्रारी आहेत, असं उत्तर तिला मिळालं. तिच्या लढतींबद्दल शंका घेणारे तेव्हाही होते. पण ज्या बारकाईने तिचं शरीर मोजलं गेलं, तसं तिच्यासमोरच्या पुरुषांचं मोजलं गेलं नाही. उतारवयात ती कल्याणला दूध विकून जगली. ४ मे २०२४ रोजी गूगलने आपल्या पहिल्या पानावर तिचं चित्र लावलं, तेव्हा आपल्यातल्या अनेकांनी तिचं नाव पहिल्यांदा ऐकलं.

आता टोमण्यांत जे "वैद्यकीय" म्हणून सांगितलं जातं, ते तपासू. वजन उचलल्याने बाईचं शरीर पुरुषासारखं होत नाही. पुरुषात स्नायू फुगण्यामागे जो टेस्टोस्टेरॉन हा हार्मोन असतो, तो बाईच्या शरीरात फारच कमी असतो. २०२२ च्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत सांगलीच्या काजोल सरगरने ४० किलो वजनगटात सुवर्णपदक मिळवलं, दोन प्रकारांत मिळून ११३ किलो उचलून. चाळीस किलोच्या आतली मुलगी! वजन उचलल्याने मूल होत नाही, हेही खरं नाही. उलट पीसीओडी असलेल्या मुलींना डॉक्टर व्यायाम करायलाच सांगतात. पाळी बिघडू शकते ती पोटाला मारून, कमी खाऊन जास्त व्यायाम केल्याने. म्हणजे "बारीक हो" हा सल्लाच जास्त धोक्याचा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सुचवते, त्यात बाई आणि पुरुष असा भेद नाही. हाडं तरुणपणीच भक्कम करून ठेवावी लागतात. पाळी गेल्यावर ती झिजू लागतात, आणि मग नानीच्या कंबरेचं दुखणं सगळं घर बघतं.

"आम्ही काळजीपोटी बोलतो," असं काहीजण म्हणतील. काहींच्या बाबतीत ते खरंही असेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आहे. काळजी असेल तर मुलीला विचारा, हिमोग्लोबिन किती आहे? तिच्या ताटात रोज अंडं, डाळ, हरभरे, पालेभाजी पडते का? की घरातल्या मुलांचं वाढून झाल्यावर उरलेलं पडतं? खांद्यांवरून टोमणा मारल्याने कुणाचं रक्त वाढल्याचं ऐकिवात नाही.

काहीजण दीनचा आधार घेतात. त्यांना अबू दाऊद यांच्या हदीस-संग्रहातला एक प्रसंग आठवायला हवा. हजरत आयेशा यांनी हजरत सफिया यांच्या ठेंगणेपणाबद्दल काहीतरी म्हटलं, तेव्हा पैगंबरांनी (स.) त्यांना तिथेच थांबवलं. अख्ख्या समुद्राचं पाणी बिघडवील एवढा तो शब्द वाईट आहे, अशा अर्थाचं ते बोलले. इथे कोण थांबवलं गेलं ते बघा. बोलणाऱ्याला थांबवलं गेलं, आणि ऐकणाऱ्याने थांबवलं. सफिया यांना कुणी मन घट्ट करायला सांगितलं नाही. सूरह हुजुरातमध्येही एकमेकांची चेष्टा करायला मनाई आहे. तीत पुरुषांचा उल्लेख करून झाल्यावर बायकांचा वेगळा उल्लेख आहे. कपड्यांची अडचण सांगणाऱ्यांसाठीही उत्तर आहे. पाकिस्तानी वंशाच्या अमेरिकन खेळाडू कुलसूम अब्दुल्ला यांनी अंग झाकून खेळू देण्याची मागणी लावून धरली आणि २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय वेटलिफ्टिंग महासंघाने नियम बदलला. केरळची मजीजिया भानू दंतवैद्यक शिकत असताना हिजाब घालून पॉवरलिफ्टिंगच्या स्पर्धा जिंकत होती. डोकं झाकायचं की नाही, हे ज्या त्या मुलीने ठरवावं. बार दोघींसाठी सारखाच जड असतो.

ज्या मुली आज हे ऐकून घेत आहेत, त्यांच्यासाठी चार गोष्टी. प्रत्येक टोमण्याला उत्तर द्यायलाच हवं असं नाही. घरातल्या माणसांशी एकदाच, शांत बसून बोला. कशासाठी जाते, किती वाजता येते, काय खायला लागतं, सगळं सांगा. लग्नकार्यात भेटणाऱ्या बायकांसाठी एक वाक्य पुरतं, "तब्येत छान आहे खाला, तुमचे गुडघे कसे आहेत?" त्यानंतर विषय त्याच बदलतात. एक वही ठेवा. तारीख, कोणता व्यायाम, किती वजन, किती वेळा. सहा महिन्यांनी लोकांच्या नजरेऐवजी त्या वहीवर विश्वास ठेवता येतो. आणि जिममधला कुणी शरीरावरून अश्लील बोलला, मागे लागला, न विचारता व्हिडिओ काढू लागला, तर तो टोमणा राहत नाही. मालकाला सांगा, दोघी-तिघींनी मिळून सांगा. अश्लील शेरेबाजी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ नुसार गुन्हा आहे आणि ११२ हा क्रमांक त्यासाठीही आहे.

बाकीचं काम मुलींचं नाही. तालुक्याच्या गावात जिम चालवणाऱ्यांनी बायकांसाठी ठरावीक वेळ द्यावी, जमल्यास शिकवायला बाई ठेवावी आणि "कुणाच्याही शरीरावर बोलायचं नाही" हा नियम फीच्या दरांशेजारी भिंतीवर लावावा. आयांनी, खालांनी लग्नात भेटल्या भेटल्या मुलीचं वजन काढणं सोडावं. "किती बारीक झालीस, मस्त!" ही तारीफही तराजूच आहे. आणि भावांनी, मित्रांनो, तुम्ही. चहाच्या टपरीवर कुणी कुणाच्या बहिणीच्या खांद्यांवरून हसलं, तर आपणही हसतो किंवा मोबाईलमध्ये बघतो. तिथे "ए, सोड ना, तिचं ती बघेल," एवढं म्हणायला कितीशी ताकद लागते?

आपल्याच नांदेड जिल्ह्यातल्या, मुखेड तालुक्यातल्या भाग्यश्री जाधव यांनी २८ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये सुमित अंतिलसोबत भारताचा झेंडा धरला. त्या गोळाफेक करतात, बसून, फक्त वरच्या अंगाच्या जोरावर. त्या खांद्यांचा आपल्याला अभिमान वाटला. धर्माबादच्या गल्लीत तसेच खांदे कमवू पाहणारी मुलगी आज संध्याकाळी जिमला निघेल. ती कोपऱ्यावरून जाईल तेव्हा कुणीतरी काहीतरी बोलेलच. त्या वेळी तिथे तुम्ही असाल, तर उत्तर तिने द्यायची वाट बघू नका.