वेळासचं कासव वेळापत्रक पाळत नाही

मित्रांसह वेळासच्या कासव महोत्सवाला गेलेल्या एका वाचकाने मागील अंकातील पत्रात ‘कासवं दिसलीच नाहीत, महोत्सव म्हणजे फसवणूक’ असा शेरा मारला आहे. राग समजतो, निष्कर्ष पटत नाही.

मंडणगड तालुक्यातलं हे गाव म्हणजे प्राणिसंग्रहालय नव्हे. ऑलिव्ह रिडले मादी वाळूत शंभरेक अंडी घालून समुद्रात परतते, त्या अंड्यांकडे ती पुन्हा फिरकत नाही. पूर्वी ही अंडी सर्रास चोरीला जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये संवर्धनाचं काम सुरू केलं. तेव्हापासून अंडी कुंपणात हलवून राखली जातात. पिल्लं बाहेर यायला साधारण ४५ ते ५५ दिवस लागतात; नेमका दिवस सांगता येत नाही, कारण सगळा हिशेब वाळूच्या उबेवर. सकाळ-संध्याकाळ घरट्यावरची टोपली उचलली जाते. खाली कधी पिल्लांची वळवळ, कधी नुसतीच वाळू. यात फसवणूक कुणी केली?

पर्यटक राहतात गावकऱ्यांच्या घरी, त्यामुळे पैसा गावातच राहतो. (मोबाइलच्या उजेडाने पिल्लं दिशा चुकतात, हे मात्र मित्रमंडळींच्या टोळक्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.)

पत्रलेखकाने मार्चमध्ये पुन्हा जावं, निघण्याआधी गावात फोन करावा आणि शक्यतो दोन मुक्काम धरावेत.